हाडवेलीचं नाव

एका राज्यात राजघराण्यातल्या माणसाने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगू नये, अशी रीत होती. दुखे राजाला आणि सांगे प्रधान. रीत जुनी, म्हणून तिला कुणी हात लावला नाही.

त्या राज्याची राजकन्या इंदुलेखा. अकराव्या वर्षी तिचं अंग दुखू लागलं ते थांबलंच नाही. कधी गुडघे, कधी मनगटं, कधी पाठीचा कणा. जखम नाही, ताप नाही. प्रधान भद्रसेन सांगे, "राजकन्येला जरा थकवा आहे." राजवैद्याने मधातलं चाटण दिलं. मांत्रिकाने जादूच्या आरशात तिची हाडं पाहिली आणि म्हणाला, "सगळी शाबूत आहेत." अशी बारा वर्षं गेली. दासी कुजबुजू लागल्या, की पोरीची सगळी नाटकं. खरं सांगतो, त्या कुजबुजीने ती जितकी झिजली तितकी दुखण्यानेही झिजली नाही.

शेवटी राजा वीरकेतूचाही धीर सुटला. "लेकी, काळ्या कड्यावर दुखणी ओळखणारी सारिका पक्षीण राहते, तिला भेट. तिलाही काही सापडलं नाही, तर तुझं दुखणं खोटं मानीन आणि गादी तुझ्या चुलतभावाला देईन."

"जशी आज्ञा, आबासाहेब."

कड्याला तीनशे पायऱ्या होत्या आणि तिथे पालखी चालत नसे. इंदुलेखा शंभराव्या पायरीवर बसली, दोनशेव्या पायरीवर रडली, उरलेल्या पायऱ्या बसल्या बसल्या सरकत चढली. मागे प्रधान होताच.

सारिकेने विचारलं, "काय होतं?"

"राजकन्येला जरा..." प्रधानाने सुरुवात केली, आणि त्याची जीभ टाळूला चिकटली.

"मी हिला विचारलं," सारिका म्हणाली.

राजकन्येने आपल्या मनगटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पहाटे मुठी वळत नाहीत. गरम पाण्यात हात बुडवले की थोडं सुटतं."

"कधीपासून?"

"तळघरात जुना खजिना आहे. लहानपणी तहान लागली म्हणून तिथल्या घड्यातलं पाणी प्यायले, तेव्हापासून."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही."

सारिकेने पंख मिटले. "तो खजिना शापित आहे. त्या पाण्यात हाडवेलीचं बी होतं, ते तुझ्या सांध्यांत रुजलं. वेल हाडाच्याच रंगाची, म्हणून आरशात दिसली नाही. तिचं नाव कुणी घेत नाही तोवर ती वाढते. आज नाव घेतलं, शाप तुटला, वाढ थांबली. रुजली आहे तेवढी मात्र राहील. पहाटे गरम पाणी, बेताने चालणं, दुखलं की टेकणं."

इंदुलेखा ओक्साबोक्शी रडली. "खरं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "माझं दुखणं खरं होतं!"

कडा उतरताना प्रधानाची जीभ सुटली. त्याचे पहिले शब्द होते, "फार दुखतंय का?"

दरबारात तिने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. राजा सिंहासनावरून खाली आला. "माझं चुकलं, बाळ." जुनी रीत त्याच दिवशी मोडली.

पुढे इंदुलेखेचा राज्याभिषेक झाला. त्या सकाळी तिचे गुडघे ठणकत होते. सिंहासनाच्या मधल्या पायरीवर ती सगळ्यांसमोर बसली आणि म्हणाली, "हाडवेल." तुताऱ्या थांबल्या. ती उठेपर्यंत सगळा दरबार उभा राहिला, आणि कुणीही कुजबुजलं नाही.