तेरा खोट्या ओळी

एकदा एक वृद्ध गणिताचार्य गोदाकाठी पाठशाळा चालवीत होते. आपल्यामागे आसन कुणाला द्यावे हे ठरवण्यासाठी त्यांनी दोन शिष्यांना एकेक संख्या दिली आणि म्हणाले, "हिचा स्वभाव शोधून आणा." पाटीवर निघालेले उत्तर अंगणात चिंचोक्यांच्या सारख्या ओळी मांडून दाखवायचे, अशी तिथली रीत होती.

धाकट्या हरिहरला पाच हजार चाळीस मिळाली. ती बिचारी दोनाने जाई, तिनाने जाई, सातानेही जाई. रोज सकाळी अंगणात नवा चौकोन सजे आणि बघणारे वाहवा करीत. हरिहरच्या भातावर तूप वाढताना स्वयंपाकीणकाकूंचा हातही सैल सुटू लागला. थोरल्या त्र्यंबकाच्या वाट्याला मात्र नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर आली होती. कशानेही भागा, बाकी उरायचीच. गुरुसेवेत झिजायचे आपण आणि कौतुक कालच्या पोराचे, या विचाराने त्याचा तिळपापड होई. "गुरुजींनी त्याला दुभती गाय दिली, मला भाकड," असे तो मनाशी म्हणे. हरिहरचे हसणे नुसते कानी पडले तरी त्याच्या अंगाची लाही लाही होई.

शेवटी त्याला राहवेना. तेराने भागले की दोनच उरत होते. त्याने दोन चिंचोके मुठीत लपवले, बाकीच्यांच्या तेरा सारख्या ओळी मांडल्या आणि आचार्यांना बोलावले.

आचार्यांनी ओळी पाहिल्या, मोजल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी आपले आसन आणले आणि त्र्यंबकापुढे अंथरले. "बस. पण आधी हात जोडून आसनाला नमस्कार कर."

मूठ उघडल्याशिवाय हात कसे जुळणार?  त्र्यंबकाने मूठ उघडली आणि दोन चिंचोके आसनावर पडले.

"भाजक कुठवर तपासलेस?" आचार्यांनी शांतपणे विचारले.

"सत्त्याण्णवपर्यंत सगळे, गुरुजी. शंभराहून मोठा भाजक असता, तर त्याचा जोडीदार शंभराच्या आत असता. तो आधीच सापडला असता."

"मग तुझे काम केव्हाच पुरे झाले होते, बाळा. संख्या फुटते हे सांगायला एक भाजक पुरतो. ती फुटत नाही हे सांगायला मात्र एकेक दार ठोठावून रिकाम्या हाताने परतावे लागते. तेवढा धीर तुझ्यात आहे असे वाटले, म्हणून ही अविभाज्य संख्या तुला दिली. तू हरिहरचे चौकोन बघत बसलास आणि तुझे खरे उत्तर तुला अपयश वाटले."

त्र्यंबकाने आसनाची घडी करून आचार्यांच्या हाती दिली. मग तो ओळी बघायला आलेल्या हरिहरकडे वळला आणि म्हणाला, "हिच्या ओळी होत नाहीत." हे सांगताना त्याला लाज वाटली, पण पोटात काही जळले नाही.

दुसऱ्याच्या अंगणातले चौकोन पाहून आपणही आपल्या पाटीवरचे बरोबर उत्तर असेच पुसून टाकत असतो.