विहिरीचं कोमट पाणी

माणसं आणि जनावरं एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. कोकणात एलोजी नावाचा यहुदी तेली राहत असे. घाण्याला जुंपलेल्या ढवळ्या बैलाशी तो दिवसभर गप्पा मारी. "आमचे पूर्वज सांगत, सूर्य रात्री आभाळाच्या पाठीमागून पूर्वेला परततो." ढवळ्याला ते अगदी पटलं होतं.

एका पहाटे विहिरीतलं कासव म्हणालं, "छे! सूर्य जमिनीखालून जातो. म्हणून तर पहाटे माझं पाणी कोमट लागतं."

ढवळ्या भडकला. "धन्याच्या पूर्वजांना खोटं ठरवतोस? तुझ्या विहिरीचं पाणी मला नको!"

त्या दिवशी आणि रात्रीही तो प्यायला नाही. दुसऱ्या सकाळी घाणा ओढताना गुडघ्यांवर कोसळला. घाबरलेल्या एलोजीने कारण विचारलं, तेव्हा ढवळ्याने कासवाशी झालेलं भांडण सांगितलं. एलोजीने पोहरा भरून आणला आणि त्यात हात बुडवला; पाणी खरंच कोमट होतं.

"कासवाचं पटतंय रे मला."

"मग पूर्वजांचा मान?"

"अरे, परक्या ज्योतिष्यांनी हेच सांगितलं, तेव्हा आमचे एक थोर गुरू म्हणाले होते, 'आमच्यापेक्षा यांचंच बरोबर दिसतंय.' म्हणून तर त्यांचं नाव घेताना माझी मान लवते. सूर्य कुठूनही येवो, त्याला घडवणाऱ्याचे आभार मी रोज सकाळी मानतोच. पी आता, माझ्या राजा."

ढवळ्या पोटभर प्यायला. मग विहिरीत डोकावून त्याने हळूच विचारलं, "कासवदादा, आणि चंद्र रे कुठून जातो?"