सात आळ्यांची साक्ष

एका नदीकाठच्या गावात एक गुरुजी होते. मुलांनी ऐकीव गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असा त्यांचा भारी कटाक्ष. रोज सकाळी प्रार्थना झाली की ते मुलांकडून म्हणून घेत, "ऐकावे, तपासावे, मगच मानावे." मुले ते पाढ्यासारखे घडाघडा म्हणत आणि गुरुजी खूश होत. तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे ना मुलांनी कधी विचारले, ना गुरुजींनी सांगितले.

गावात सात आळ्या होत्या. बातमी आली की दवंडीवाला डफ वाजवत सातही आळ्यांत ती सांगून येई. मग गावकरी पारावर जमत आणि एकमेकांना विचारत, तुमच्या आळीत काय ऐकलं? सगळ्यांनी तेच ऐकलेले असे. सात ठिकाणांहून एकच गोष्ट आली म्हणजे ती खरी, असे गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. डफ एकच होता, इकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते.

नदीपलीकडे, घाटावरच्या नावेने गेले की समोरच, राजाची पाठशाळा होती. वर्षातून एकदा तिथे परीक्षा होई आणि निवडलेल्या मुलांच्या राहण्या-शिकण्याची सगळी सोय राजा करी. बारा वर्षे पुरी झालेल्यांना मात्र परीक्षेला बसता येत नसे. त्या वर्षी गुरुजींची पाच मुले जाणार होती. त्यांत घोंगडी विणणाऱ्याची एक मुलगी होती. ती इतकी तल्लख, की तिने प्रश्न विचारला की गुरुजीही जरा सावरून बसत. पुढच्या महिन्यात तिला बारा वर्षे पुरी होणार होती. तिला ही एकच संधी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दवंडी फिरली. नावेला भोक पडले आहे, नावेत कुणी बसू नये.

गुरुजी जागरूक माणूस. त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. ऊन डोक्यावर घेऊन ते सातही आळ्या फिरले आणि प्रत्येक आळीत चार-चार माणसांना विचारून आले. सगळ्यांचे उत्तर एकच. आपण किती नीट तपासले, याचे त्यांना मनातून बरेही वाटले. त्यांनी ठरवले, उजाडताच निघायचे आणि वरच्या अंगाच्या पुलावरून चार कोस चालत जायचे.

सकाळी मुले वेशीपाशी जमली. निघताना ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, घाट इथून हाकेवर आहे. मी पळत जाऊन नाव बघून येऊ का?"

"अगं, सातही आळ्या सांगताहेत. आता बघायचं काय राहिलं?" गुरुजी म्हणाले.

तिने एकदा घाटाकडे पाहिले आणि ती चालू लागली.

चार कोस वाट, त्यात चढ. एका मुलाचा पाय मुरगळला, त्याला आळीपाळीने पाठुंगळी घ्यावे लागले. पाठशाळेपाशी पोचले तेव्हा दुपारची घंटा होऊन दार बंद झाले होते. गुरुजींनी दारवानाला हात जोडले, मुलीचे वय सांगितले, अगदी गयावया केली. पण नियम तो नियम. मुलगी बंद दाराकडे बघत उभी राहिली. ती रडली नाही, आणि गुरुजींना तेच सोसवेना.

परतताना ते पाठशाळेसमोरच्या काठावर आले, तर नावाडी गावच्या घाटावर नाव लावून बसलेला दिसला; हाक मारताच तो नाव घेऊन आला. नाव धुऊन पुसून स्वच्छ, आत मुलांसाठी सतरंजी अंथरलेली. गुरुजींनी भोकाचे विचारले तेव्हा तो चकितच झाला.

"भोक कसलं? पोरं बसणार म्हणून परवा नाव पालथी घालून, पाणी शिरू नये म्हणून राळ फासली. सकाळपासून वाट बघतोय. घाटावर यायचं होतं की, गुरुजी."

ते सगळे त्याच नावेतून घरी आले. थेंबभर पाणीही आत आले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी सवयीने "ऐकावे, तपासावे" सुरू केले. गुरुजींनी त्यांना मध्येच थांबवले आणि सगळ्यांना घेऊन बातमीच्या मागावर निघाले. प्रत्येक आळीने दवंडीवाल्याचे नाव सांगितले. दवंडीवाल्याने एका गाडीवानाचे. गाडीवान बैलांना चारा घालत होता. त्याला विचारायला ती मुलगीच पुढे झाली.

"तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काका?"

"नाव पालथी पडलेली पाहिली."

"आणि भोक?"

"भोक कशाला बघायला जाऊ? नाव पालथी घातलीय म्हणजे भोक असणारच की."

मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. एका माणसाचा अंदाज डफावर चढला आणि सात आळ्यांची साक्ष होऊन आपल्यापर्यंत आला, हे त्यांना आता कळले. त्यांनी सगळ्या मुलांदेखत त्या मुलीला सांगितले, "तपासायचं कसं, ते तुला एकटीला ठाऊक होतं. मी तुला जाऊ दिलं नाही."

"हो, गुरुजी," ती म्हणाली.

ती रागावली असती तर गुरुजींना सोपे गेले असते. पण ती तेवढेच बोलली आणि मुलांबरोबर शाळेकडे चालू लागली.

तात्पर्य: एकच बातमी सात तोंडांनी ऐकली म्हणून तिला सात साक्षीदार मिळत नाहीत. किती जण सांगतात हे मोजत बसू नये, पहिल्यांदा सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले ते विचारावे. आणि कुणी स्वतः बघून येतो म्हणाले, तर त्याला अडवू नये.