सायरनची हाक

मोटारींना वाचा होती त्या काळची गोष्ट. एका लाल मोटारीत नवा सायरन बसवला. टपावर मांजर बसलं तरी तो "चोर! चोर!" ओरडे. मोटार बिचारी निर्धास्त.

एका दुपारी खराच चोर आला. सायरनने जीव तोडून बोंब मारली. झोपमोड झालेले शेजारचे खांबेटेकाका गॅलरीतून कडाडले, "अहो, न्या एकदाची ती गाडी!"

"नेतो काका, पण तुमची आडवी आहे ना!"

काका बनियनवरच धावत खाली आले. आपली गाडी ढकलून त्यांनी वाट करून दिली, वर फाटकही उघडलं.

मोटार रडत चोराबरोबर निघाली. सायरन म्हणाला, "रडतेस काय? बघ, माझ्या एका हाकेला माणसं कशी धावून येतात!"