देवाच्या पोटातली कळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, विचाराल तर मी आणखी शंभर वाढवून सांगेन. तेव्हा आपल्या आंबटखेडात पिठाची गिरणी नव्हती. घरोघर दगडी जातं. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणे नुसते आत फिरून अख्खेच बाहेर यायचे, आपल्या पंचायतीत अर्ज फिरतात तसे. मग जात्याला टाकी लावावी लागायची, म्हणजे छिन्नी-हातोडीनं दगडाला पुन्हा खाचा पाडायच्या. हे काम करत गावोगाव हिंडणारी एक पाथरवटाची लेक होती. तिचं नाव रुताबाई.

नाव रुता, पण बाई कुठं रुतून बसली नाही. एका दारात पाणी प्यायली तर तांब्या दुसऱ्या दारात खाली ठेवायची, असं म्हणतात.

रुता हे नाव तिला मागाहून पडलं. झालं असं, की पलीकडच्या गावी मिशनच्या शाळेत ती ओसरीवर जात्याला टाकी लावत होती, आणि आत शांतवन मास्तर पोरांना येशूची गोष्ट सांगत होते. दमलेली, भुकेली, वाली नसलेली माणसं येशूपुढं आली आणि त्यांना बघून त्याला कळवळा आला, असं मास्तर म्हणाले. पण नेमका त्याच वेळी हातोडीचा ठोका पडला. टाक् करून. त्या ठोक्यात शब्दाचा मागचा तुकडा उडाला. बाईच्या कानात गेली ती नुसती कळ.

ती हातोडी खाली ठेवून दारात आली. म्हणाली, "मास्तर, देवाला कळ येती?"

मास्तरांचं एक ध्यान पोरांकडं, एक फळ्याकडं. म्हणाले, "येते तर. माणूस टाकलेला दिसला की येते."

"पोटात?"

"पोटातूनच येते बाई," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, ही कळवळ्याचंच विचारते आहे. मास्तर लोक उत्तर आधी देतात आणि प्रश्न नंतर ऐकतात. बसलेत इथं दोन-तीन, त्यांनी खाली बघायचं कारण नाही.

रुताबाई चार दिवस त्या ओसरीवर येत राहिली. जातं कधीच झालं होतं. चौथ्या दिवशी तिनं बाप्तिस्मा मागितला, तिथंच तिला रुता हे नाव मिळालं, आणि पाचव्या दिवशी छिन्नी उचलून चालू लागली. ज्या दारात बसेल तिथं ठोक्याठोक्याला सांगायची, "देवाच्या पोटात कळ हाय बायांनो. तुमच्यासाठी हाय. माझ्यासाठी बी हाय."

लोक हसायचे. पोटात कळ म्हटल्यावर काय देतात? ओवा. बाया चिमूट चिमूट ओवा आणून द्यायच्या, म्हणायच्या, "तुझ्या देवाला दे, गरम पाण्याबरोबर." रुताबाई रागवायची नाही. ओवा पदराला बांधायची आणि हसायची.

आणि मग ती कळ तिलाच येऊ लागली, असं म्हणतात. तीन कोसांत कुणी उपाशी पडलं, कुणाला घरातून हाकललं, की हिच्या पोटात इकडं चमक निघायची. की उठली, चालली. हातातलं जातं अर्धं टाकून. कित्येक घरांत तिची अर्धी टाकलेली जाती पडून होती. बाया मागून हातवारे करायच्या, आणि ही बांधावरून ओरडायची, "आले गं, कळ थांबली की आले." कळ काही थांबायची नाही. एक थांबली की दुसरी.

अशात एका साली पटकीची साथ आली. दौलत पाटलांनी आपल्या वेशीत बाभळीच्या काट्या टाकल्या. त्यांचं पोट कसं होतं, तर आधी पोट चावडीत यायचं आणि मग पाटील. त्यांनी दवंडी दिली की जो वेशीबाहेर जाईल, तो परत आत येणार नाही. गाव गप्प बसलं. भ्यालेलं होतं, त्याला नावं ठेवू नका. तुम्हीही बसला असता.

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या चिंचेखाली टोपल्या विणणारी एक बाई येऊन पडली. गुणा तिचं नाव. नवरा वाटेतच साथीनं गेला होता, ती तापानं फणफणली होती, आणि कुशीत चार वर्षांची लेक. पोरगी वेशीकडं बघून पाणी मागायची. वेशीतली माणसं आभाळाकडं बघायची.

रुताबाई तेव्हा पाटलांच्याच सोप्यात जात्यापुढं बसली होती. दोन खाचा पडल्या आणि तिसऱ्या ठोक्याला तिनं पोट धरलं.

"चालले पाटील," ती म्हणाली. "देवाला कळ आली."

पाटील झोपाळ्यावर होते. म्हणाले, "तुझ्या देवाचं पोट लईच नाजूक दिसतंय. भागा, दे गं तिला मूठभर ओवा."

भागाबाई पाटलीण ओवा घेऊन आली, आणि जरा घुटमळून तिनं ओव्याखाली दोन भाकरीही सरकवल्या. पाटलांना दिसलं नाही. मध्ये पोट होतं.

"परत येशील तर काट्या हटणार न्हाईत," पाटील म्हणाले.

"मी कुठं परत येती पाटील," रुताबाई म्हणाली. "माझी सवय तुम्हाला ठावं हाय." आणि काट्यांवरून गेली. पायांतून रक्त आलं आणि त्या रक्ताच्या थेंबांच्या जागी काट्यांना पिवळी फुलं आली, असं म्हणतात. बाभळीला पिवळी फुलं येतातच, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

तिनं पोरीला पाणी पाजलं, भाकरी कुस्करून दिली, गुणाचं अंग पुसलं, कूस पालटली, ओव्याचं पाणी दिलं. गुणानं विचारलं, "बाई, तू कोण, आन कशाला आलीस मरायला?"

रुताबाई म्हणाली, "माझ्या देवाला लोकांनी ओवा दिला, त्यानं घेतला न्हाई. कळ घेऊनच खाली उतरला. त्याला बी लोकांनी वेशीबाहेर नेऊन मारलं. म्हणून वेशीबाहेर कोण पडलंय ते त्याला आधी कळतं."

गुणा ते ऐकून रडली. पण रुताबाईला बसवेना. हातांना काम हवं. ओढ्यातला एक दगड ओढून तिनं त्याचं जातं घडवायला घेतलं. टाक्. टाक्.

आणि इकडं गावात काय झालं ऐका. ओढ्यापलीकडं ठोका पडला की वेशीच्या आत प्रत्येकाच्या पोटात कळ. पहिल्यांदा पाटलांना. झोपाळ्यावरून खालीच आले. मग तलाठी, मग पुजारी, मग वैद्य, ज्यानं सगळ्यांना हिंगाचं पाणी दिलं आणि स्वतः पोट दाबून बसला. पटकीची कळ नव्हती ती. ना जुलाब, ना उलटी. नुसती कळ, आणि डोळ्यांपुढं ती पोरगी. गावातला ओवा दोन दिवसांत संपला. कुणाला धड बसवेना, धड निजवेना. सगळं गाव अंगणात येरझारा घालत होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी भागाबाई उठली. भाकऱ्यांची दुरडी डोक्यावर घेतली आणि कुणाला न विचारता काट्या बाजूला सारल्या. वेशीबाहेर पाऊल पडलं आणि तिची कळ थांबली. तिनं मागं बघून सांगितलं, "आगं, थांबली." मग दुसरी निघाली, तिसरी निघाली. बायांची रांग ओढ्यात उतरली.

पाटील पोट धरून वेशीत आले. घसा फोडून म्हणाले, "वळा! मागं वळा!"

पलीकडं ठोका थांबला. रुताबाईनं मान वर केली. हे गुणानं डोळ्यांनी बघितलं आणि मरेपर्यंत सांगितलं. रुताबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "कळ... वळा. कळवळा." आणि पोरीसारखी हसली. म्हणाली, "तरीच मला एक तुकडा कमी पडत होता."

ओढ्याच्या मधोमध उभी राहून भागाबाई नवऱ्याला म्हणाली, "आम्ही न्हाई वळत. तुम्हीच वळा हिकडं. किती वेळ पोट धरून उभं ऱ्हाणार?"

पाटील उभे राहिले. कळ काही सोडेना. अखेर वळले. धोतर वर धरून ओढ्यात उतरले, आणि पलीकडच्या काठाला लागले तशी कळ गेली. पोरीपुढं बसले. तिनं आपल्या हातातला भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढं धरला. पाटलांनी तो खाल्ला, आणि खाताना रडले, असं म्हणतात. पाटलाच्या रडण्याबद्दल मी पैज लावणार नाही, पण गाव असंच सांगतं.

रुताबाई कुठं होती? नव्हती. जातं अर्धं टाकलेलं, हातोडी त्याच्यावर. कुणी म्हणतं, साथीनं तिलाही नेलं आणि ती चिंचेखालीच आहे. कुणी म्हणतं, दुसऱ्या गावाहून कळ आली आणि ती निघाली. मला दुसरं पटतं. त्या बाईला झाडाखाली पडून राहणं जमणारच नाही.

गुणा जगली. तिच्या लेकीला पुढं सगळे रुताच म्हणू लागले. काहींनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी नाही. पाटलांनी नाही घेतला, पण मरेस्तोवर वेशीला पुन्हा काट्या लागू दिल्या नाहीत. शांतवन मास्तर नंतर समजावायला आले, की बाबांनो, शब्द कळवळा आहे. लोक म्हणाले, "ठावं हाय मास्तर. तुटून दोन ठिकाणी पडला होता, आम्ही जोडला."

अजूनही सुगी उरकली की पहिल्या रविवारी सगळं गाव त्या चिंचेखाली जमतं, देवळातलं आणि चर्चमधलं. ओवा घातलेल्या भाकऱ्या असतात. पाठीला पाठ लावून पंगत बसते. ते जातं अर्धंच आहे. कुणी पाथरवट पुरं करू बघेल तर गाव त्याला जेवू घालून वाटेला लावतं. सगळ्यांत म्हातारं माणूस त्या जात्यावर हातोडी मारतं आणि म्हणतं, "कळ." सगळे म्हणतात, "वळा." आणि जो तो मागं वळून आपलं ताट पाठीमागच्याला देतो. एक ताट जास्तीचं वाढलेलं असतं. ते वेशीबाहेरून जाणाऱ्या पहिल्या माणसाचं. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

यंदा हातोडी माझ्या हातात आहे. पोटांत कावळे ओरडतायत ना? ओरडू देत. हं, ऐका. कळ.

बोला की पुढचं. माझ्याकडं काय बघताय, मागं बघा.