परसातलं तळं आणि बुळबुळीत खडी

एका गावात स्वच्छतेसाठी नावाजलेली एक बाई राहत होती. तिची तांब्याची भांडी इतकी लखलखीत असत, की शेजारणी त्यात बघून कुंकू लावत.

तिच्या परसात एक लहानसं तळं होतं. त्यात तिने हौसेने बारा केशरी मासे सोडले होते. पण हळूहळू पाणी हिरवं, गढूळ झालं. मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून पाच मेले.

“आता एकही जाऊ द्यायचा नाही,” असं ठरवून बाई बाजारात गेली.

कापडवाला म्हणाला, “ताई, ही मलमल घ्या. पाणी गाळा, संध्याकाळपर्यंत तळ दिसेल.”

शेजारी बसलेली म्हातारी कुंभारीण म्हणाली, “गाळून कचरा निघंल, पोरी. माशांच्या घाणीचं विष न्हाई निघायचं. बुडाला भोक असलेला हा रांजण ने. खडी भरून तळ्याच्या काठावर ठेव आणि तळ्याचंच पाणी सकाळ-संध्याकाळ त्यातून परत तळ्यात सोड. दीड महिना धीर धर मात्र.”

बाईने रांजण नेला. रोज दोन्ही वेळा वीस-वीस घागरी ओतू लागली.

पंधरा दिवसांत खडीवर बुळबुळीत थर चढला. बाईला काही राहवेना. तिने सगळी खडी बाहेर काढली, राखेने घासली, विहिरीच्या पाण्याने धुतली आणि परत भरली. चौथ्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला.

ती तडक कुंभारणीकडे गेली. “आजी, तुझा रांजण काही कामाचा नाही!”

“काय केलंस त्याला?”

“काही नाही गं. खडी तेवढी घासून लख्ख केली.”

म्हातारीने कपाळाला हात लावला. “अगं माझे बाई, त्यो थरच पाणी शुद्ध करतो! कामाला माणसं ठेवलीस आन् तूच हाकलून दिलीस!”

बाई घरी आली. सहा मासे उरले होते. तिने पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.

महिनाभराने तिच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका परसात आल्या आणि रांजणात डोकावून हसू लागल्या.

“अगं बाई, तुमच्या घरी शेवाळ? गावातली राख संपली की काय?”

एकीने तर पदरच खोचला. “सरा वहिनी, मीच घासून देते.”

बाईचा चेहरा लाल झाला. क्षणभर तिचेही हात शिवशिवले. पण ती रांजणापुढे उभी राहिली.

“हसायचं तेवढं हसा. पण हात लावायचा नाही. सहा जीव आहेत त्याच्या भरवशावर.”

आणि नेसत्या रेशमी साडीनिशी तिने घागर उचलून संध्याकाळचं पाणी ओतायला सुरुवात केली.

आणखी पंधरा दिवस गेले. एका सकाळी ती तळ्यापाशी आली, तर एकही मासा वर धापा टाकत नव्हता. ती वाकून बघू लागली. पाणी इतकं नितळ झालं होतं, की तळाचे दगड मोजता यावेत. त्या दगडांमधून मासे निवांत फिरत होते. सहाच्या सहा.

तात्पर्य: डोळ्यांना खुपतं ते सगळंच घाण नसतं. पुसून टाकण्याआधी ते काय काम करतंय हे समजून घ्यावं, आणि समजल्यावर लोकांच्या हसण्यापायी ते मोडू नये.