म्हातारी कुठे गेली?

“विसरणं म्हणजे काय, हे नुसत्या आवाजातून शिकवता येतं की नाही, अण्णा? तुम्हीच सांगा!”

मुकुल चपला काढता काढताच विचारत होता. दार काकूंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या आणि खिडकीपाशी खाटेवर जाऊन बसल्या. मुकुल बोलत बोलत थेट अण्णांसमोर.

अण्णा केळुसकरांनी जन्मभर रेडिओवर श्रुतिका बसवल्या. मुकुल त्यांचा चेला. शिकत होता तेव्हा जेवायलाही याच घरी, अण्णांच्या बायकोच्या, काकूंच्या हातचं. आता कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, आणि मान जरा ताठच ठेवतो. स्मरण-विस्मरणाचा धडा त्याने श्रुतिका करून बसवला होता. अण्णांनी ‘ठीक’ म्हटल्याखेरीज वर्गात लावायची नाही, असं ठरवून आला होता. ठीक म्हणतीलच, याची खात्रीही होती म्हणा.

“लाव,” अण्णा म्हणाले.

मुकुलने मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला. श्रुतिकेत एका म्हातारीची स्मृती चाललेली. मुलगा तिला डॉक्टरांकडे आणतो, खुर्चीवर बसवतो, आणि मग मुलगा आणि डॉक्टर दोघंच बोलत राहतात...

“आता ऐका हं, हे खास!” मुकुल मध्येच म्हणाला.

डॉक्टर सांगत होते, “नावं जातात, माणसं जातात. पण हाताला लागलेली सवय मागे राहते. ती सहसा शेवटी जाते.”

श्रुतिका संपली. अण्णा डोळे मिटून बसलेले.

“म्हातारी कुठे गेली रे?”

“कुठे म्हणजे? तिथेच आहे की. खुर्चीवर.”

“मला नाही ऐकू आली.”

“तिला वाक्यच नाही, अण्णा. काही आठवतच नाही, तर बोलणार काय?”

“खोकली नाही. हलली नाही... मी काय शिकवलं होतं?”

मुकुलने जीभ चावली. “जो ऐकू येत नाही, तो ऐकणाऱ्याच्या लेखी खोलीत नाही.” मग हसला. “घ्या! विसरण्यावरच्या श्रुतिकेत मीच विसरलो. घालतो एक बांगडीचा आवाज. आपल्या सगळ्या श्रुतिकांत बांगड्या काकूंच्याच असायच्या, नाही? त्यांनाही आता काही आठवत नाही म्हणे. असतात कुठे हल्ली, मुलीकडे?”



अण्णांनी उजवा हात वर केला, ध्वनिमुद्रणाच्या वेळी करायचे तसा. क्षणभर थांबले... आणि बोट खाली आणलं.

किण्.

आवाज खिडकीपाशी झाला.

मुकुल वळला. काकू खाटेवर बसल्या होत्या. नजर अण्णांच्या बोटावर, मनगट पुढच्या खुणेसाठी उचललेलं.

दार कुणी उघडलं होतं, ते त्याला आत्ता आठवलं. या माउलीच्या हातचं जेवलो आणि तिच्यासमोरच बसून काय बोललो आपण! मुकुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघवेना. ती ताठ मान कुठे गेली कोण जाणे.

“अण्णा... चुकलो. आजच्या आज घालतो बांगडी.”

तो मोबाइल उचलायला गेला. अण्णांनी तो बाजूला सरकवला.

“आधी तिला वाकून नमस्कार कर. आशीर्वादाला हात उठेल, बांगडी वाजेल.”